साथ हाताबाहेर जाण्याआधी: रोगसर्वेक्षण, उद्रेकाचा तपास आणि तयारी

गिनीतल्या मेलियांदू गावात इबोलाचा पहिला रुग्ण डिसेंबर 2013 मध्ये आजारी पडला असं मानलं जातं. आजाराचं नाव कळलं ते थेट मार्च 2014 मध्ये. मधल्या काळात माणसं ताप, उलट्या आणि जुलाबांनी दगावत होती. लक्षणं कॉलरासारखी वाटल्याने शोध भलत्याच वाटेला लागला. उशीर झाला की पुढचं सगळं महाग पडतं, आणि बराचसा उशीर अगदी सुरुवातीला, रुग्ण समोर दिसत असताना होतो.

म्हणून प्रत्येक उद्रेकाच्या फाइलवर पहिल्या पानावर चार तारखा लिहायची सवय लावा: आजार कधी सुरू झाला, आपल्याला कधी लक्षात आला, वर कधी कळवला, आणि सुरुवातीची सगळी कामं कधी पूर्ण झाली. 7-1-7 नावाने ओळखलं जाणारं उद्दिष्ट याच तारखांवर चालतं. सात दिवसांत ओळख, एका दिवसात खबर, पुढच्या सात दिवसांत प्राथमिक प्रतिसाद पूर्ण.

हा लेख काही हजार ते काही लाख लोकवस्ती सांभाळणाऱ्या छोट्या आरोग्य पथकासाठी आहे. प्रयोगशाळा लांब आहे, माणसं मोजकी आहेत आणि फोन कधीही वाजू शकतो, असं धरून.

1. कशावर नजर ठेवायची ते आधी ठरवा

यादी जितकी लांब, तितकी माहिती पातळ. चाळीस आजारांचा तक्ता भरायला दिला की तो महिन्याच्या शेवटी एका बैठकीत अंदाजाने भरला जातो. त्यापेक्षा दोन याद्या करा.

पहिली, एकही संशयित रुग्ण दिसला तर त्याच दिवशी फोन करायचा: 15 वर्षांखालच्या मुलात अचानक आलेला लुळेपणा, ताप आणि अंगभर पुरळ (गोवर), घटसर्प, कॉलराचा संशय, रक्तस्रावासह ताप, आणि कारण न कळलेले एकाच ठिकाणचे दोन-तीन गंभीर आजार किंवा मृत्यू. हा शेवटचा मुद्दा छापील तक्त्यांत बहुधा शेवटी असतो. नवा आजार मात्र नेमका त्याच ओळीतून येतो.

दुसरी, आठवड्याला फक्त आकडे द्यायचे: जुलाब, न्यूमोनिया, कावीळ, ताप. वयाचे दोन गट पुरे, पाच वर्षांखालचे आणि वरचे.

प्रत्येक आजाराची रुग्णव्याख्या, म्हणजे कुणाला रुग्ण म्हणून मोजायचं याचा नियम, नोंदवहीच्या आतल्या कव्हरवर चिकटवा. ती प्रयोगशाळेशिवाय वापरता आली पाहिजे. तीव्र पाण्यासारखे जुलाब म्हणजे 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच. साथ जाहीर झालेली नसेल तेव्हा कॉलराचा संशयित कोण? दोन वर्षं किंवा त्याहून मोठी अशी व्यक्ती, जिला असे जुलाब होऊन शरीरातलं पाणी धोकादायक पातळीवर कमी झालंय किंवा जी त्याने दगावली. साथ जाहीर झाल्यावर हीच व्याख्या सैल होते आणि असे जुलाब असलेला कुणीही त्यात बसतो. हा फरक माहीत नसला की जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा एकदम चौपट दिसतो आणि सगळे घाबरतात.

शून्याचा अहवाल. रुग्ण नसतील तरी "0" असं लिहून पाठवायचं. कोरी जागा म्हणजे रुग्ण नव्हते की कर्मचारी रजेवर होता, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. ज्यांनी अहवाल पाठवायला हवा त्या केंद्रांपैकी किमान 80 टक्क्यांनी तो पाठवला का, आणि वेळेवर पाठवला का, हे दोन आकडे दर आठवड्याला रुग्णसंख्येच्या शेजारीच मांडा. समजा गेल्या आठवड्यात 20 केंद्रांतून जुलाबाचे 90 रुग्ण कळले आणि या आठवड्यात 70. घट झाली म्हणून निश्वास टाकण्याआधी बघा: या वेळी अहवाल 14 केंद्रांचेच आलेत. दर केंद्रामागे 4.5 वरून 5, म्हणजे आकडा वाढलाय.

यंत्रणा जागी आहे की झोपलीय हे तपासायला पोलिओच्या कामातला निकष छान आहे. पोलिओ नसतानाही इतर कारणांनी 15 वर्षांखालच्या दर एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक लुळेपणाचा रुग्ण सापडायला हवा. तीन लाख मुलांच्या भागात वर्षभर एकही नोंद नसेल तर तिथे आजार नाही असं समजू नका. तिथे कुणी बघत नाहीये. गोवरात हाच निकष तपासणीअंती गोवर नाही असं ठरलेल्या रुग्णांवर लावतात, एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान दोन.

2. धोक्याची रेषा कुठे आखायची

नेहमीचा हंगामी आजार असेल तर गेल्या पाच वर्षांतल्या त्याच आठवड्याचे आकडे काढा. बहुतेक ठिकाणी सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) ही रेषा वापरतात आणि तिथेच फसतात. उदाहरण म्हणून पाच वर्षांचे हे आकडे घ्या: 12, 9, 41, 14, 11. सरासरी 17.4, प्रमाण विचलन 13.3, म्हणून रेषा 44 वर. ज्या वर्षी साथ आली त्या वर्षाचे 41 रुग्णही या रेषेखालीच राहतात! एका वाईट वर्षाने रेषा इतकी उचलली की पुढची साथ तिच्याखालून बिनबोभाट निघून जाईल. 41 वगळून तोच हिशेब केला तर रेषा येते साधारण 16 वर.

यावर सोपा उपाय म्हणजे पाच आकडे उतरत्या क्रमाने लावून दुसरा आकडा घ्यायचा. इथे तो 14. गणित नाही, संगणक नाही, आणि एखादं साथीचं वर्ष आत असलं तरी बिघडत नाही. भिंतीवरच्या आलेखावर ही रेषा लाल पेनाने आखा आणि दर आठवड्याचा ठिपका हाताने द्या. बोट ठेवून बघितलेला आलेख संगणकातल्या न उघडलेल्या फाइलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मात्र पोलिओ, घटसर्प, किंवा जिथे कॉलरा एरवी नसतोच अशा भागात कॉलरा, यांना रेषा लागत नाही. एक रुग्ण म्हणजेच इशारा. गोवरासाठी चार आठवड्यांत एका भागात पाच संशयित रुग्ण हा सर्वसाधारण वापरातला निकष आहे.

3. कुजबुज ऐकायची सोय

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 1993 मध्ये पिण्याच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी पसरला आणि अंदाजे 4 लाख 3 हजार लोक आजारी पडले. तिथे पहिली कुणकुण लागली ती औषध दुकानांतली जुलाबाची औषधं संपल्यामुळे आणि शाळा-कार्यालयांत गैरहजेरी वाढल्यामुळे. पाणी शुद्धीकरण केंद्रात गढूळपणाचा आकडा वाढलेला होताच, पण तो आकडा आणि आजारी माणसं वेगवेगळ्या कार्यालयांच्या कागदांवर होती.

म्हणून शाळा, औषध दुकानदार, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, खासगी डॉक्टर आणि पशुवैद्यक यांच्याकडे एकच फोन नंबर द्या. तो नंबर पदाचा असावा, माणसाचा नको. बदली झाली की माणसाबरोबर नंबर जातो. फोन घेणाऱ्यासमोर सहा प्रश्नांचा कागद ठेवा: काय होतंय, कुठे, कधीपासून, किती जणांना, कुणी दगावलंय का, आणि या सगळ्यांत समान काय आहे. खबर देणाऱ्याचा नंबरही लिहून घ्या. 24 तासांत कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन किंवा तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याशी बोलून खरंखोटं करायचं आणि खबर देणाऱ्याला पुढे काय झालं ते सांगायचं. ही शेवटची गोष्ट राहून गेली की पुढच्या वेळी तो फोन करत नाही.

वर कळवायचं की नाही असा प्रश्न पडला तर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतले चार प्रश्न कामाला येतात: परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, सीमेपलीकडे पसरण्याचा धोका आहे का, प्रवास किंवा व्यापारावर निर्बंध येऊ शकतील का. दोन उत्तरं "हो" असली की देशाने 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं असतं. तुमच्या पातळीवर एक "हो" सुद्धा फोन उचलायला पुरेसा धरा.

4. निघण्याआधीचा तास

आधी ही वाढ खोटी तर नाही ना ते बघा. नवीन तपासणी किट आलं, नवे डॉक्टर रुजू झाले आणि ते नीट नोंदी करू लागले, तीन आठवड्यांचे साचलेले अहवाल एकदम आले, किंवा मजुरांची नवी वस्ती उभी राहिली म्हणून लोकसंख्याच वाढली. यांतलं काहीही आलेख वर नेऊ शकतं. पण या तपासणीत एका तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका. शंका उरली तर जा.

पथकात रोगाचा तपास जाणणारा, उपचार करणारा, नमुने घेणारा, पाणी-स्वच्छता बघणारा आणि लोकांशी बोलणारा असे पाच हात हवेत. माणसं तीनच असली तरी हे पाचही हात कुणाकडे आहेत ते गाडीत बसण्याआधी ठरवा. जनावरं मेल्याची खबर असेल तर पशुवैद्यक बरोबर हवाच.

पेटी कायम भरलेली असावी: हातमोजे, मास्क, गाऊन, नमुन्याच्या नळ्या, कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या (शौचाचे नमुने टिकवून नेण्यासाठीच्या) कुप्या, विषाणूंच्या नमुन्यांसाठी विषाणू वाहक माध्यम, शीतपेटी आणि आइसपॅक, क्लोरीन तपासणी संच, ओआरएस, शिरेतून द्यायचे द्राव आणि संच, कोऱ्या रुग्णयाद्या, न पुसणारा मार्कर, टॉर्च, पॉवर बँक. कुप्यांच्या मुदतीची तारीख पेटीच्या झाकणावर बाहेरून लिहा. ऐनवेळी उघडलेल्या पेटीत वाळून गेलेलं माध्यम निघणं ही फार जुनी रड आहे.

5. रुग्णयादी

तपासाचा जीव इथे आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

उद्रेकाची रुग्णव्याख्या सर्वेक्षणाच्या व्याख्येपेक्षा वेगळी असते. तिच्यात चार गोष्टी येतात: लक्षणं, व्यक्ती, जागा, काळ. उदाहरणार्थ, "1 तारखेपासून पुढे, अमुक वस्तीत राहणाऱ्या किंवा तिथे आलेल्या कुणालाही 24 तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच." सुरुवातीला व्याख्या सैल ठेवा, म्हणजे कुणी सुटत नाही. मग पुरावा किती पक्का आहे त्यानुसार संशयित, संभाव्य आणि निश्चित असे तीन थर करा. व्याख्येत संशयित स्रोत घालू नका. "टाकीचं पाणी पिऊन जुलाब झालेले" अशी व्याख्या केली की टाकी दोषी ठरणारच. निकाल आधीच लिहून ठेवल्यासारखं होतं.

यादीत एका रुग्णाची एक ओळ. रकाने: क्रमांक, वय, लिंग, राहण्याची नेमकी जागा, कामाची किंवा शाळेची जागा, लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, प्रत्येक लक्षणाला वेगळा हो/नाही रकाना, दवाखान्यात आल्याची तारीख, नमुना घेतला का आणि त्याचा क्रमांक, निकाल, शेवट काय झाला, पाण्याचा स्रोत, संशयित जेवण किंवा कार्यक्रम, लसीकरण. नाव आणि फोन वेगळ्या कागदावर, क्रमांकाने जोडलेले, कुलपात. रुग्णयादी फोनवरून फिरते आणि कुठे पोहोचेल याचा नेम नसतो.

चुका नेहमीच्याच असतात. आजार सुरू झाल्याच्या तारखेऐवजी दवाखान्यात आल्याची तारीख लिहिली जाते. मग सुट्टीनंतरच्या दिवशी खोटा डोंगर दिसतो. वय माहीत नसलं की 0 लिहितात आणि बाळांचा उद्रेक तयार होतो. "नाही" आणि "विचारलं नाही" या दोन्हींसाठी कोरी जागा सोडतात. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे संगणक स्वतःच्या मनाने ठरवतो. त्यामुळे महिना अक्षरात लिहा. आणि मोठ्या साथीत फाइलच्या मर्यादेकडे लक्ष ठेवा. इंग्लंडमध्ये 2020 च्या सप्टेंबरअखेर जुन्या स्प्रेडशीट प्रकारात ओळी मावल्या नाहीत आणि 15,841 कोविड रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. त्यांच्या संपर्कातल्यांचा शोधही त्यामुळे लांबला.

दवाखान्यात न आलेले रुग्ण शोधायला घरोघर जावंच लागतं. आलेले रुग्ण हे बहुधा जास्त आजारी, जवळ राहणारे आणि उपचाराचा खर्च परवडणारे असतात. केवळ त्यांच्यावरून काढलेला नकाशा दवाखान्याभोवतीच गोळा होतो.

6. नमुने

कॉलराच्या संशयात पहिल्या पाच ते दहा रुग्णांचे नमुने, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी. निदान पक्कं झालं की सरसकट नमुने थांबवा आणि अधूनमधून थोडे पाठवत राहा. कॅरी-ब्लेअरमधला शौचाचा किंवा गुदमार्गाचा स्वॅब खोलीच्या तापमानाला न्यायचा. कॉलराचा जंतू थंडीत तग धरत नाही. मेंदूज्वरात पाठीतून काढलेलं पाणीही जंतूंच्या वाढीसाठी द्यायचं असेल तर फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं. नमुना म्हटलं की बर्फ, ही सवय या दोन ठिकाणी निकाल खोटा "निगेटिव्ह" आणते.

याउलट रक्तजल (सीरम) आणि विषाणू वाहक माध्यमातले घशाचे स्वॅब 2 ते 8 अंशांत. रक्त गोठवू नका, पेशी फुटतात. आधी रक्तजल वेगळं करा. गोवरात पुरळ उठल्यापासून 28 दिवसांपर्यंत रक्तजल चालतं, पण पहिल्या तीन दिवसांत घेतलेलं बऱ्याच रुग्णांत निगेटिव्ह येऊ शकतं. चित्र गोवराचंच असेल तर एका निगेटिव्हवर विसंबू नका, पुन्हा घ्या. लुळेपणात शौचाचे दोन नमुने, मध्ये किमान 24 तास, आणि दोन्ही लुळेपणा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत.

लेबल रुग्णाच्या उशाशीच लावायचं. पॅकिंग तीन थरांचं: नळी, तिच्याभोवती द्रव शोषणारं काही घालून गळती न होणारी पिशवी किंवा डबा, मग बाहेरचा मजबूत खोका. अर्ज नळीला गुंडाळू नका. तो ओला झाला की नमुना बेवारशी. पाठवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी निघालेली पेटी दोन दिवस कुणाच्या तरी टेबलाखाली पडून राहते.

7. आलेख काय सांगतो

आडव्या रेषेवर लक्षणं सुरू झाल्याची वेळ, उभ्या रेषेवर रुग्ण. एका खांबाची रुंदी संशयित आजाराच्या अधिशयन काळाच्या (संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाच्या) पाव ते एक तृतीयांश ठेवा. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसचा अधिशयन काळ 12 ते 48 तास. तिथे दिवसाचे खांब काढले तर सगळा उद्रेक एका खांबात बसेल. कावीळ असेल तर दिवसाचे खांब नुसते दात दाखवतील, आठवड्याचे घ्या.

झटकन चढणारा आणि एका अधिशयन काळात आटोपणारा आलेख म्हणजे एकदाच झालेला सामायिक संसर्ग. पठार म्हणजे स्रोत अजून चालू आहे. एका अधिशयन काळाच्या अंतराने वाढत जाणाऱ्या लाटा म्हणजे माणसाकडून माणसाला.

मागे मोजून संसर्गाचा दिवसही काढता येतो. हिपॅटायटिस ए या काविळीचा अधिशयन काळ 15 ते 50 दिवस, सरासरी 28. समजा पहिला रुग्ण 20 जुलैचा, शिखर 2 ऑगस्टला, शेवटचा 24 ऑगस्टचा. पहिल्यातून 15, शिखरातून 28, शेवटच्यातून 50 दिवस वजा करा. तिन्ही हिशेब 5 जुलैवर येतात. खऱ्या आकड्यांत ते इतके नेटके जुळत नाहीत, तीन-चार दिवसांची खिडकी मिळते. त्या खिडकीत पाइप फुटला होता का, दुरुस्ती चालू होती का, मोठं जेवण होतं का, हे विचारायला जा.

8. दोषी कोण

नकाशावर ठिपके टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. जिथे लोक जास्त तिथे ठिपके जास्तच असतात. दर काढा. समजा अ टाकीचं पाणी पिणारे 310 आणि त्यांतले आजारी 62, म्हणजे 20 टक्के. ब टाकीचे 420, आजारी 21, म्हणजे 5 टक्के. अ टाकीवाल्यांना चौपट धोका. एकूण किती लोक पाणी पीत होते हेच माहीत नसेल तर आजारी आणि निरोगी अशा दोन गटांना सारखेच प्रश्न विचारून तुलना करा, आणि निरोगी माणसं त्याच वस्तीतली, त्याच वयोगटातली घ्या.

मग ते 21 जण उचला. ब टाकीचे असून आजारी का पडले? लंडनमध्ये 1854 मध्ये कॉलराच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा तपास करताना डॉक्टर जॉन स्नो यांचं लक्ष अशाच अपवादांकडे गेलं. लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलराने गेली; तिला या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते रोज मागवून घेत असे. पंपाच्या शेजारच्या मद्यनिर्मिती कारखान्यातले कामगार मात्र वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. तुमच्या 21 जणांपैकी किती मुलं अ टाकीजवळच्या शाळेत जातात ते विचारा.

9. निदानाची वाट न बघता उपाय

ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा 8 सप्टेंबर 1854 ला काढला तेव्हा कॉलराचा जंतू सर्वमान्य व्हायला अजून तीस वर्षं होती. तोवर साथ ओसरूही लागली होती, म्हणजे दांडा काढायलाही उशीरच झाला. पसरण्याची वाट कळली की उपाय सुरू करता येतो. जंतूचं नाव मागून आलं तरी चालतं.

पाण्याचा संशय असेल तर क्लोरीन. नेहमीची चूक म्हणजे विहिरीत अंदाजाने ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, ओतणं. आधी पाणी मोजा. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर 3.14 × 3 × 3 × 4 ÷ 4 = 28.26 घनमीटर, म्हणजे 28,260 लिटर.

मग बादली चाचणी. 33 टक्के क्लोरीनची 30 ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवा, निवळू द्या. वरचं पाणी साधारण 1 टक्का द्रावण. याच विहिरीच्या पाण्याच्या 20 लिटरच्या चार बादल्या भरून त्यांत 1, 2, 3 आणि 4 मिली द्रावण घाला, ढवळा, अर्धा तास थांबा आणि मुक्त क्लोरीन मोजा. जी बादली लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या जवळ येईल ती तुमची मात्रा. समजा 3 मिलीची आली. 28,260 ÷ 20 × 3 = 4,239 मिली, म्हणजे विहिरीला सव्वाचार लिटर द्रावण. पावडर जुनी होऊन कमजोर झाली असली तरी बादलीतही तीच वापरल्याने तो कमजोरपणा हिशेबात आपोआप येतो. फक्त विहिरीत घालायचं द्रावणही त्याच डब्यातल्या पावडरीचं आणि त्याच प्रमाणाचं हवं.

गढूळ पाण्यात क्लोरीन मातीच खाऊन टाकते. आधी निवळू द्या. क्लोरीन तपासायच्या डीपीडी गोळीने गुलाबी रंग आला आणि लगेच उडाला, किंवा आलाच नाही, तर क्लोरीन शून्यच असेल असं नाही. फार जास्त क्लोरीननेही रंग उडतो. तेच पाणी स्वच्छ, क्लोरीन नसलेल्या पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा बघा. विहिरीत सतत नवं पाणी झिरपतं, त्यामुळे सकाळची मात्रा संध्याकाळी उरलेली नसते. साथीच्या दिवसांत विहिरीवर माणूस बसवून भरलेल्या प्रत्येक भांड्यात मात्रा घालणं जास्त भरवशाचं. आणि मोजायचं शेवटच्या घरातल्या नळाला आणि माठाला. टाकीवरचा आकडा फक्त टाकीचा असतो.

फरशी आणि उलटी-शौच पुसायला 0.5 टक्के द्रावण: 33 टक्के पावडर लिटरला 15 ग्रॅम, रोज ताजं, मोकळ्या हवेत. ते आम्लात किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळलं तर विषारी वायू सुटतो.

माणसाकडून माणसाला पसरणाऱ्या आजारात खरं काम संपर्कशोधाचं. नायजेरियात जुलै 2014 मध्ये विमानाने आलेल्या एका इबोला रुग्णापासून साथ सुरू झाली आणि त्याच्यासह एकूण 20 रुग्ण झाले. 894 संपर्क शोधले गेले आणि सुमारे 18,500 प्रत्यक्ष भेटी झाल्या. 894 ला 21 दिवसांनी (इबोलाचा कमाल अधिशयन काळ) गुणून बघा, 18,774 येतात. म्हणजे जवळपास प्रत्येकाला रोज कुणीतरी भेटत होतं. मनुष्यबळाचा अंदाज याच गुणाकाराने करायचा. एका माणसाला दिवसाला दहा-बारा घरं नीट होतात, त्यापुढे भेटी कागदावर व्हायला लागतात.

लोकांशी बोलताना काय माहीत आहे, काय अजून शोधतोय, आम्ही काय करतोय, तुम्ही आज काय करायचं, आणि पुढची माहिती किती वाजता देऊ, इतकंच सांगा. "घाबरू नका" या दोन शब्दांनी अजून कुणाची भीती गेलेली नाही. वेळ दिलीत तर नवीन काही नसलं तरी त्या वेळेला बोला.

10. साठा आणि सराव

साठ्याचा आकडाही हिशेबानेच काढायचा. मोकळ्या वस्तीत कॉलराचा अंदाज साधारण लोकसंख्येच्या 0.2 टक्के धरतात. 50,000 लोकांमागे 100 रुग्ण. इतक्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने किमान 650 ओआरएस पाकिटं (एक लिटरची) आणि 120 लिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे शिरेतून द्यायचा द्राव, लागतं. त्यात वीस रुग्ण गंभीर धरलेत. निर्वासित छावणीसारख्या दाटीत हाच अंदाज 5 टक्क्यांवर जातो, म्हणजे 2,500 रुग्ण. गंभीर रुग्णाला द्रव किती झपाट्याने लागतो तेही साठा करणाऱ्याला माहीत हवं: एक वर्षावरच्यांना किलोमागे 30 मिली पहिल्या अर्ध्या तासात आणि 70 मिली पुढच्या अडीच तासांत. 50 किलोच्या माणसाला तीन तासांत पाच लिटर. नीट उपचार मिळाले तर कॉलराचे मृत्यू 1 टक्क्याच्या खाली राहतात. वर गेले तर रुग्ण उशिरा पोहोचताहेत की द्रव कमी पडतोय ते त्याच दिवशी शोधा.

साठा कपाटात सडू देऊ नका. रोजच्या वापरातून जुना आधी काढायचा आणि नवा मागे लावायचा. आणीबाणीत किती रकमेपर्यंत कुणाच्या सहीने खरेदी होईल, ते शांततेच्या काळात लेखी करून घ्या.

वर्षातून दोनदा टेबलाभोवती बसून सराव करा. एक जण दर दहा मिनिटांनी नवी चिठ्ठी टाकतो: "नमुन्याची पेटी परत आली", "शाळेत आणखी 14 मुलं", "पाणी खात्याचा फोन बंद". उत्तर "मी अमक्याला कळवीन" असं आलं की तिथेच तो फोन लावायचा. निम्मे नंबर चुकीचे निघतात, आणि ते सरावात निघालेले बरे.

साथ संपली हे कमाल अधिशयन काळाच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण नसेल तर म्हणतात. इबोलात ते 42 दिवस. तोवर रोजचा शून्याचा अहवाल चालूच. मग तीन महिन्यांच्या आत, आठवणी ताज्या असताना, आढावा बैठक घ्या. पहिल्या पानावरच्या चार तारखा फळ्यावर लिहा आणि प्रत्येक दोन तारखांमधल्या अंतरावर एकच विचारा: हे दिवस कुठे गेले? प्रत्येक उत्तरापुढे एक काम, एक पद, एक तारीख आणि त्याला लागणारा पैसा. ज्या कामापुढे यांतलं काही लिहिता येत नाही, त्यावरच पुढच्या सरावाची पहिली चिठ्ठी तयार करा.